भोयाच्या तळ्यावरचं शेंदरी बदक

त्या वर्षी भोयाच्या तळ्यात शिंगाडा कधी नव्हे इतका धरला, आणि नेमकं त्याच वर्षी तळं बुजवायचं ठरलं. देणाऱ्याला देण्याची वेळ कळत नाही असं म्हणावं, तर घेणाऱ्याला मात्र ती बरोब्बर कळली होती. शेवंतीला असल्या विचारांना सवड नव्हती. दिवाळी उलटली की तिचा दिवस तळ्याच्या काठावरच उजाडायचा. तीन दगडांची चूल, तिच्यावर बुडाशी काळं ठिक्कर पडलेलं पातेलं, त्यात खदखदणारे शिंगाडे आणि पुढे धुरात डोळे चोळत उकिडवी बसलेली ती. सालीच्या डागांनी तिच्या बोटांची पेरं काळी पडली होती, ते डाग राखेनं घासून जात नव्हते की साबणानं. काट्यांनी नखांच्या मुळाशी भोकं पाडली होती, आणि मिठाच्या पाण्यात हात घातला की ती एकेक जागी व्हायची.

तळं कांदिवली स्टेशनाच्या पूर्वेला, भातखाचरं ओलांडून पोयसर नदीच्या अलीकडे होतं. कधीकाळी एक भोई कुटुंब तिथं शिंगाडा लावायचं. ते देशोधडीला लागलं, नाव तेवढं मागे राहिलं. मग जमिनीच्या मालकानं, शेटनं, ते शेवंतीच्या नवऱ्याला, गुणाजीला वाट्यानं दिलं. गुणाजी मालवणाकडचा. गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. तिथल्या तुसानं छाती भरली, तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, गिरणी सोड, नाहीतर बायकोला दुसरा नवरा बघून ठेव. डॉक्टर फटकळ होता, पण खोटं बोलला नव्हता. गुणाजीनं गिरणी सोडली आणि तळं धरलं. काठावर कुडाच्या भिंती आणि पेंढ्याचं छप्पर असं खोपटं उभं राहिलं. त्यातच त्यांची एकुलती एक जानकी वाढली आणि त्यातूनच घाटकोपरला सासरी गेली.

तळं जाणार ही बातमी गणपतीत आली. शेटनं जमीन एका सोसायटीला विकली होती, आणि सोसायटीला तिथं बंगले हवे होते. शिंगाडा संपेपर्यंत थांबू, असं शेटचा मुकादम धाकू म्हणाला होता. जावई बाळा त्याच सणाला येऊन जेवताना बोलला, "तळं गेलं तर जायचं कुठं म्हणून घोर लावून घेऊ नका. आमच्या पडवीत पथारी टाकायला जागा होईल." पोरगा मनानं वाईट नव्हता. पण घाटकोपरची ती एकच खोली, तिच्यात त्याचे आईबाप, दोन भाऊ, आणि बाहेर पडवी म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला ठेवायची जागा. शेवंतीच्या हातातला घास हातातच राहिला. जावयाच्या दारात, चपलांशेजारी म्हातारपण काढायचं, यापेक्षा तळ्यात गेलेलं बरं, असं तिला तेव्हा वाटलं आणि नंतर रोज वाटत राहिलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती चुलीत फाटी सारत होती. पाण्यावर धुकं होतं. गुणाजी तराफ्यावर पालथा पडून वेल उलटवत होता. तराफा म्हणजे बांबूची ताटी आणि तिच्या खाली उपडी बांधलेली चार मडकी. वेल उचलायचा, खालचे शिंगाडे चाचपून खुडायचे, टोपलीत टाकायचे, हातानं पाणी मारून पुढं सरकायचं. थंडीत येणारी करडी बदकं त्याच्या आसपास बिनघोर पोहत असायची. मडक्यांची त्यांना सवय झाली होती, आणि माणूस पालथा असला की तो त्यांच्या लेखी माणूसच नव्हता.

त्या करड्या घोळक्यात शेवंतीला काहीतरी लाल दिसलं. आधी वाटलं, कुणाचं तरी लुगडं वाहत आलंय. मग ते लाल हललं, बुडलं, आणि पलीकडे वर आलं. ते बदक होतं. छाती काळीभोर, कुशी पांढऱ्या आणि डोकं असं की मारुतीला नुकता शेंदूर थापलाय. चोचही लाल. बाकीची बदकं त्याला जागा देत होती असं तिला वाटलं. आपल्या तळ्यावर असं काही उतरावं याचं तिला आधी नवल वाटलं, आणि मग उगीचच रडू आलं.

तिनं हाक मारली नाही, हात हलवला. गुणाजीनं मान वळवून बघितलं आणि तसाच थांबला. काठाला लागल्यावर तो हळूच म्हणाला की गावाकडच्या तळ्यावर त्याच्या बापानं हयातभर बदकं धरली, पण हे रूप कधी बघितलं नाही.

ते रूप दुसऱ्या कुणी बघितलं असेल तर वेलकरांनी. श्यामसुंदर वेलकर स्टेशनाजवळच्या नव्या इमारतीत राहायचे, फोर्टात कुठल्याशा कचेरीत कामाला होते, आणि रविवार आला की गळ्यात दुर्बीण अडकवून खाचरांतून हिंडायचे. पोरं त्यांच्या मागून चिमण्यांचे आवाज काढत, पण वेलकर रागवायचे नाहीत, उलट मागं वळून चूक दुरुस्त करायचे. जाताना शेवंतीकडून शिंगाडे घ्यायचे आणि तिथंच बसून खायचे, म्हणून ती त्यांना मानायची. त्या रविवारी त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि खाली केलीच नाही.

"गुणाजी, हा इथे कसा?" ते म्हणाले. "हा फार वरचा, उत्तरेकडचा पक्षी. या बाजूला उतरल्याचं मी तरी कधी ऐकलेलं नाही."

मग त्यांनी दुर्बीण शेवंतीच्या हातात दिली. तिचे हात काळे, ओले. तिनं ते आधी पदराला पुसले. कितीतरी वेळ तिला नुसतं पाणीच दिसलं, आणि मग एकदम ते डोकं, इतकं जवळ की हात लावावा. डोळासुद्धा लाल होता. तो तिच्याकडेच बघत होता. ती दुर्बीण परत द्यायचं विसरली, आणि वेलकरांनीही मागितली नाही. ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. शहरात पक्ष्यांचे जाणकार एक मोठे साहेब आहेत, त्यांना आणून दाखवायला हवं. असा पक्षी या तळ्यावर येतो हे त्यांच्या तोंडून वर गेलं, तर तळं बुजवू नका असं सरकारला सांगता येईल.

"सांगता येईल म्हणालो," ते घाईनं म्हणाले. "होईलच असं नाही."

पण शेवंतीनं पहिलं तेवढं ऐकलं होतं. दुसरं तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही, आणि पोचलं असतं तरी तिनं ते आत घेतलं नसतं.

साहेब पुढच्या रविवारी येणार होते. तोवर बदक तळ्यावर राहायला हवं, आणि त्यासाठी पाणी ढवळायचं नाही, असं वेलकरांनी सांगितलं. म्हणजे शिंगाडा काढायचा नाही. ऐन भरात आलेला शिंगाडा वेलीवर थांबत नाही. पिकला की तो देठातून सुटतो आणि तळाच्या चिखलात जाऊन बसतो. गुणाजीला हे ठाऊक होतं, शेवंतीलाही ठाऊक होतं. गुणाजीनं तराफा काठावर ओढला आणि मडकी सोडून ठेवली.

तो आठवडा शेवंती राखणीला बसली. भाताच्या पेंढ्यात लोळणारी कुत्री तिनं दगड न मारता, नुसत्या हातवाऱ्यांनी हाकलली. पलीकडच्या चाळीतल्या बायका धुणं घेऊन आल्या, त्यांना तिनं नदीवर पिटाळलं. त्या म्हणाल्या, तळं काय तुझ्या बापाचं? ती म्हणाली, रविवारपर्यंत माझ्या बापाचं. त्या तोंडं वेंगाडून गेल्या, आणि जाताना नको ते बोलल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती चुलीपाशी बसून बदकाकडे बघत राहायची. सकाळी ते मधल्या मोकळ्या पाण्यात असायचं, ऊन चढलं की वेलींच्या कडेला यायचं, मान पाठीवर टाकून झोपायचं. झोपेतही त्याची एक बाजू जागी असायची. तिला ते घरातलं वाटायला लागलं. त्यानं खावं म्हणून तिनं काठावर तांदूळ टाकले, ते चिमण्यांनी खाल्ले.

गुणाजीची पंचाईत वेगळीच होती. कामाशिवाय बसणं त्याला जमत नव्हतं. छप्पर शाकारून झालं, टोपल्यांचे काठ वळून झाले. खोकला आला की तो उठून खोपट्याच्या मागे जायचा आणि तोंडात फडक्याचा बोळा धरून खोकायचा, बदक बिचकू नये म्हणून. परत येताना त्याचे डोळे लाल झालेले असायचे.

संध्याकाळी घटकाभर स्टेशनाबाहेर जाऊन शेवंती आधी काढलेले शिंगाडे विकायची. ते शिळे झाले, आतून कडक झाले. बुधवारी, गुरुवारच्या उपासासाठी घेऊन गेलेली एक बाई दुसऱ्या दिवशी परत आली आणि सगळा पुडा तिच्या टोपलीत उलटा केला. "दात पाडायचे आहेत का आमचे?" म्हणाली. आजूबाजूचे भाजीवाले हसले. शेवंतीनं खाली मान घालून शिंगाडे गोळा केले. एरवी ती ऐकून घेणाऱ्यातली नव्हती, पण त्या आठवड्यात तिला कुणाशीच भांडायचं नव्हतं. एकदा रविवार पार पडू दे, मग बघते एकेकीला, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

तो पार पडलाही असता. पण शुक्रवारी सकाळी धाकू आला. त्यानं तळ्याकडे बघितलं, वेलींवर सुकत चाललेली पानं बघितली, आणि काठावर बसलेल्या गुणाजीला म्हणाला, "काय रे गुणा, माल बुडवतोस काय? काढून घे लवकर. उद्यापासून लॉऱ्या लागतायत."

शेवंती चुलीपुढून उठलीच. शिंगाडा संपेपर्यंत थांबू म्हणाला होतास, त्याचं काय, असं तिनं विचारलं. धाकू म्हणाला, शब्द शेटचा होता, आणि शेटनंच फिरवला. सोसायटीवाल्यांना मुहूर्त मिळालाय, खाणीचा मुरूम तयार आहे. मग शेवंतीनं त्याला बदकाची गोष्ट सांगितली. सांगताना तिला स्वतःलाच ती पोरकट वाटायला लागली, पण तिनं ती शेवटपर्यंत सांगितली, साहेबांसकट, सरकारसकट. धाकू आधी हसला. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला.

"माझ्या हातात काय आहे, वहिनी," तो म्हणाला. "मी हुकमाचा माणूस. बदकासाठी लॉरी थांबवली म्हणून सांगितलं तर शेट मलाच लॉरीखाली घालेल."

ती तशीच वेलकरांच्या इमारतीत गेली. वेलकर कचेरीत गेले होते. त्यांच्या बायकोनं, मृणालिनीबाईंनी, दार अर्धं उघडून सगळं ऐकलं. शेवंतीला जिन्याच्या पायरीवर बसवून कान तुटलेल्या कपातून चहा दिला. बाई चांगल्या बोलल्या. पण मोठ्या साहेबांना रविवारच्या आत येता येणार नाही, तसं ठरलंच आहे, म्हणाल्या. कप कुठं ठेवू, असं शेवंतीनं विचारलं. तिथंच विसळून कोपऱ्यात ठेव, असं उत्तर आलं. तिनं तो विसळला आणि कोपऱ्यात ठेवला.

खाचरातून परत येताना तिला ते सुचलं. सुचलं आणि ती मधेच उभी राहिली. गुणाजीला बदकं धरता येत होती.

गावाकडे त्याच्या बापाची ती रीत होती. आधी रिकामी मडकी पाण्यावर सोडून द्यायची. ती वाऱ्यानं इकडून तिकडं फिरतात, आणि बदकं त्यांना भ्यायची थांबतात. मग माणसानं डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून गळ्याइतक्या पाण्यातून हळूहळू चालत जायचं. वरून दिसतं ते मडकंच. बदकाजवळ पोचलं की पाण्याखालून त्याचे पाय धरायचे आणि सरळ खाली ओढायचं. शेजारच्या बदकाला वाटतं, यानं बुडी मारली. तळं घेतल्यावर पहिल्या हिवाळ्यांत गुणाजीनं तसं केलेलं तिनं बघितलं होतं, आणि त्या रश्शाची चवही तिच्या लक्षात होती. पुढे मडक्यात खोकला आवरेना, म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

तिनं त्याला सांगितलं. लॉऱ्या यायच्या आत, उद्या पहाटे बदक धरायचं. बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं. रविवारी साहेबांना डालगं उघडून दाखवायचं. तळ्यावरचंच आहे हे वेलकर सांगतील.

गुणाजीनं आधी तळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ता आपल्या भरवशार इला हा गो."

"आमी खय तेका मारतो हव? दोन दिस झाकून ठेवचा, मगे सोडूचा. तळा रवला तर ताच येतला परत."

तो तयार झाला. तिच्यापुढे तो नेहमीच तयार व्हायचा, आणि तिला ते माहीत होतं. तिनं सोडून ठेवलेल्या मडक्यांतलं एक निवडलं, खिळा तापवून दोन भोकं पाडली. बाकीची तीन दुपारीच पाण्यात सोडली. कितीदा ती त्याला म्हणाली, जिता व्हया हां. स्वयंपाक करताना म्हणाली, जेवताना म्हणाली. त्यानं दरवेळी मान हलवली.

शनिवारी फटफटलं तेव्हा पाण्यावरून वाफ उठत होती. गुणाजीनं लंगोटी कसली, अंगाला खोबरेल तेल चोळलं. त्याच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. तिनं मडकं त्याच्या हातात दिलं, आणि देता देता त्याचं मनगट धरलं.

"जिता धरूक व्हया. ऐकलात मा?"

"ऐकलंय गो," तो म्हणाला, आणि मडकं डोक्यावर घेऊन पाण्यात उतरला.

त्यानंतर शेवंतीला नुसती चार मडकी दिसत होती. तीन वाऱ्यानं काठाकडे सरकत होती, आणि चौथं वाऱ्याच्या उलट, पण इतकं सावकाश की बघताना शंका यावी. शेंदरी डोकं मधल्या पाण्यात होतं. आजूबाजूला करडी बदकं. मडकं थांबलं की तिचा श्वास थांबायचा. एकदा ते थांबलं आणि हललंच नाही. त्याला खोकला आलाय, हे तिला काठावरून कळलं. मडक्याभोवती पाण्यावर बारीक वलयं उठली. तिनं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं, जणू त्याचा खोकला तिच्याकडून दाबला जाणार होता. करड्या बदकांनी माना वर केल्या. मग खाली घातल्या. वलयं विरली. मडकं पुन्हा सरकायला लागलं.

बदक नाहीसं झालं ते तिला दिसलंसुद्धा नाही. होतं, आणि नव्हतं. पाण्यावर एक बुडबुडा आला. बाकीची बदकं तशीच चरत राहिली. इतकं सफाईनं झालं की तिला हसू फुटलं, पहिल्यांदा, त्या सबंध पावसाळ्यानंतर पहिल्यांदा. तिनं डालगं उचलून तयार धरलं. आता तो हात वर काढेल, पंखांची फडफड होईल, बाकीचं सगळं तळं उडून जाईल. जाईना का.

पण हात वर आला नाही. मडकं आलं तसंच सावकाश, वाऱ्यावर चालल्यासारखं काठाला आलं. गुणाजीनं ते डोक्यावरून काढलं. त्याचे ओठ निळे पडले होते. तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि त्यानं डावा हात वर केला. बदकाची मान त्याच्या मुठीबाहेर लोंबत होती, लाल डोकं एका बाजूला वळून. एक पीसही विस्कटलेलं नव्हतं.

बापानं शिकवलं होतं, पाय धरून खाली ओढलं की त्याच क्षणी दुसऱ्या हातानं मानेला पीळ द्यायचा. फडफडू द्यायचं नाही, नाहीतर बाकीची उडतात आणि त्या दिवसाची शिकार संपते. गुणाजी तेव्हा लहान होता, आणि पुढे कितीतरी हिवाळे त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. ओढणं आणि पिळणं ही त्याच्या हातांना दोन कामं माहीतच नव्हती. ते एकच काम होतं.

"माका कळाक नाय," तो म्हणाला. "शेवंते, माका कळाकच नाय. हातान केला."

तिनं डालगं खाली ठेवलं. त्याला शिव्या द्याव्यात असं तिच्या मनात आलं, सगळ्यात वाईट त्या. आणि मग तिनं बघितलं की तो थंडीनं नव्हे, भयानं कापतोय, तिच्या भयानं. तिनं त्याला हाताला धरून बाहेर काढलं, गोणपाट त्याच्या अंगावर टाकलं आणि चूल पेटवली. पहिली लॉरी खाचराच्या बांधावर चढल्याचा आवाज आला तेव्हा तो चुलीपुढे बसून होता. बदक त्याच्या मांडीवर होतं, आणि तो त्याची पिसं सारखी करत होता.

लॉऱ्या दिवसभर येत राहिल्या. तांबडा मुरूम धाडकन पाण्यात पडायचा, वेली खाली जायच्या, पाणी गढूळ होऊन दुसऱ्या काठाला चढायचं. करडी बदकं पहिल्या खेपेलाच उडून गेली.

रविवारी वेलकर साहेबांना घेऊन आले. साहेब उंच, वयस्कर, डोक्यावर टोप. वेलकरांनी मुरमाचा ढीग बघितला आणि त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी दुर्बिणीनं गढूळ पाणी उगीच धुंडाळलं. उडालं म्हणून सांगायचं, असं शेवंतीनं गुणाजीला बजावून ठेवलं होतं. पण गुणाजी खोपट्यात गेला आणि डालग्याखालचं बदक आणून त्यानं साहेबांपुढे जमिनीवर ठेवलं. मान खाली घालून उभा राहिला, मार खायला उभं राहावं तसा.

साहेब गुडघ्यांवर बसले. त्यांनी बदक उचललं, पंख उलगडला, चोच उघडून बघितली. मग त्यांचा चेहरा फुलत गेला. पक्षी मिळाला तर असा मिळावा, ते वेलकरांना म्हणाले. बंदुकीनं मारला असता तर पिसं गेली असती, रक्तानं खराब झाला असता. याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. थंडीनं टिकलाही छान. त्यांनी पिशवीतून कापूस काढला, चोचीत भरला, बदक कागदात गुंडाळलं. उठून त्यांनी गुणाजीच्या पाठीवर थाप मारली.

"बहुत अच्छा काम किया," ते म्हणाले. "इसको म्युझियम में संभालके रखेंगे. सौ साल."

गुणाजीनं वर बघितलं. इतका वेळ तो शिक्षेची वाट बघत होता, आणि कौतुक कुठं ठेवायचं हे त्याला कळेना. शेवंती पुढे झाली. साहेब पिशवीची दोरी बांधत होते, म्हणून तिनं वेलकरांना विचारलं.

"तळ्याचा काय सायेब?"

वेलकरांनी चष्मा काढून पुसला. "बाई," ते म्हणाले, "आता तळ्यावर पक्षी कुठे आहे?"

त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण साहेब बांधावर पोचले होते. वेलकर चार पावलं गेले, थांबले, मागं वळून बघितलं आणि गेले. त्यानंतर ते त्या बाजूला फिरकले नाहीत. शिंगाड्याशिवाय तिथं फिरकायला राहिलंही काय होतं म्हणा.

आठवडाभरात मुरूम खोपट्याच्या दाराशी आला. धाकूनं दोन दिवसांची सवलत दिली, तीही उपकार केल्याच्या आविर्भावात न देता दिली. शेवंतीनं भांडी गोणपाटात बांधली. जानकीला निरोप गेला होता, पडवी रिकामी करून ठेवा म्हणून. त्या दिवसांत गुणाजी जेवायला बसला की भाताकडे न बघता हातांकडे बघायचा. शेवंती म्हणायची, जेवा. मग तो जेवायचा.

निघायच्या सकाळी तो बोचकं पुढ्यात घेऊन उंबऱ्यावर बसला होता. पातेलं त्याला डोक्यावर घ्यायचं होतं, ते तो घेईना.

"शेवंते," त्यानं विचारलं, "तू माका सांगलंस होता मा, जिता धर म्हणान?"

तिला मनगट आठवलं, त्याच्यावरचं तेल आठवलं. त्याची नजर तिच्यावर खिळली होती. आता ती काय म्हणेल त्यावर त्याचं पुढचं सगळं ठरणार होतं, घाटकोपरच्या पडवीतले दिवस आणि तिथल्या रात्री, त्याचं स्वतःच्या हातांनी जेवणं, झोपणं, जगणं. तिला त्याची दया आली.

"नाय," ती म्हणाली. "माका खय सुचला तेवा. मी सांगूकच नाय."

तो तिच्याकडे बघत राहिला. खोटं त्याला कळलं असावं, पण त्यानं ते घेतलं.

"म्हणान तर," तो म्हणाला. "सांगलंस असता तर मी धरलंय असता जिता."

"तर काय," ती म्हणाली.

गुणाजीनं पातेलं डोक्यावर चढवलं, बोचकं काखेत मारलं आणि खाचरातून स्टेशनाच्या वाटेला लागला. शेवंती मागं राहून दार ओढून घेत होती, ज्याला आता कडीची काही गरज नव्हती. तो बराच पुढे जाईपर्यंत ती तिथंच थांबली, आणि मग पदर तोंडात धरून, त्याला ऐकू जाणार नाही अशी रडली.